येतो म्हणायचं नाही

बेळगावच्या उद्यमबागेत त्या रात्री साडेबाराला लाईट गेली आणि भट्टी थांबली. तिसऱ्या पाळीची पोरं हात झाडत बाहेर आली आणि गेटजवळ भावकू आण्णांच्या शेकोटीला बसली. आण्णा याच फौंड्रीत तीस वर्षं मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर आता रात्रीची राखण करायचे.

साईराज आल्यापासून कुरकुरत होता.

"आण्णा, ह्यो महादेवदादा माणूस हाय का कोण? मच्छ्याच्या स्टॉपवर उभा होतो, बस चुकलेली. हात केला, नाव घेऊन हाक मारली. थांबला न्हाय. एकटाच होता की. मागची सीट रिकामी!"

"त्याला तुझा वास सोसत नसंल," ओमकार म्हणाला. पोरं हसली.

आण्णा हसले नाहीत. लाकूड आत सारत त्यांनी विचारलं, "सीट रिकामी हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

आण्णांनी फौंड्रीच्या दाराकडं पाहिलं.

"महादेव कुठं हाय आता?"

"आत. भट्टीपाशी बसलाय."

"मग हळू बोला." आण्णांनी मफलर कानावर ओढला. "नागेंद्र म्हणून एक होता. तुम्ही नवी पोरं, तुम्हाला म्हाईत न्हाय. हे त्या दोघांचं हाय. महादेवनं मला एकट्याला सांगितलंय, आणि शेवटचं तर म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय."

आण्णांनी सांगितलं ते असं.

महादेव आणि नागेंद्र नऊ वर्षं एका पाळीला, एका भट्टीवर. नागेंद्र सदलग्याचा. तिकडं आई आणि थोरला भाऊ. हा इकडं पिरनवाडीत खोली घेऊन एकटा राहायचा, महादेवच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. गाडी महादेवची. पाळी सुटली की नागेंद्र सेफ्टी बूट लॉकरात टाकायचा, निळ्या रबरी स्लिपरा पायात सरकवायचा आणि रमतगमत पार्किंगला यायचा. महादेव तोवर किक मारून मुद्दाम म्हणायचा, "येतो रं!" आणि नागेंद्र लांबूनच ओरडायचा, "थांब की रं, मीबी आलो!" नऊ वर्षं हीच थट्टा. दोघांनाही तिचा कंटाळा आला नव्हता.

डबल पाळी झालेली असली की नागेंद्र गाडीवर झोपायचा. कपाळ महादेवच्या पाठीला टेकवून. महादेव शिव्या द्यायचा आणि गाडी हळू चालवायचा.

उतरायचा तोही महादेवच्या दारातच. उतरला की डब्यातून एक लिमलेटची गोळी काढायचा. ती निवेदिताची. निवेदिता म्हणजे महादेवची पोरगी, तेव्हा पाच वर्षांची. ती फाटकात हात पसरून उभीच असायची. मग नागेंद्र आत बघून महादेवच्या बायकोला, रूपालीला सांगायचा, "येतो वैनी." आणि रूपालीच्या आधी पोरगीच ओरडायची, "उद्या ये काका!"

गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी नागेंद्र फौंड्रीतूनच परस्पर बसस्टँडला गेला. गावाला जायचं म्हणून चांगल्या चपला घातल्या. डबा आणि स्लिपरा लॉकरातच राहिल्या. रविवारी रात्री तो घरी जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही. अडतीस वर्षांचा माणूस. ना ताप, ना खोकला.

सोमवारी फौंड्रीतली सगळी मातीला जाऊन आली. महादेवनं खांदा दिला. घरी येऊन तो रूपालीला म्हणाला, "निवूला एवढ्यात काय सांगू नको. काका गावाला गेलाय म्हण." रूपालीनं तसंच सांगितलं. पोरगी रोज संध्याकाळी विचारायची, "काका कवा येणार?" रूपाली म्हणायची, "येतील." दुसरं काय म्हणणार?

बुधवारी लॉकर उघडला. डबा आणि स्लिपरा घरच्यांना पोचवायला पाहिजेत, असं महादेवला वाटलं. गुरुवारी, सोळा तारखेला, पहिली पाळी करून चार वाजता त्यानं सदलग्याची वाट धरली. अमावास्या नव्हती. पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. हे आण्णांनी मुद्दाम सांगितलं.

तो पोचला तेव्हा सात वाजत आले होते. बाहेरच्या सोप्यात पाच-सहा माणसं बसली होती. नागेंद्रची आई, जयाबाई, भिंतीला टेकून होती. आतल्या खोलीत दिवा लावला होता. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं.

महादेवनं पिशवी पुढं केली. म्हातारीनं स्लिपरा घेतल्या आणि उंबऱ्याबाहेर, चपलांच्या रांगेत, नीट जोडून ठेवल्या. मग डब्याचं झाकण काढलं. आत एक लिमलेटची गोळी होती.

"ही रं कुणाची?"

"माझ्या पोरीची, आक्का. रोज एक आणायचा. शनिवारची राहिली."

म्हातारीनं गोळी हातात घेतली. "ने की मग. लेकराची हाय."

नागेंद्रचा थोरला भाऊ आनंद बाजूला बसला होता. तो म्हणाला, "आई, सुतकातलं काय न्यायचं नसतंय."

म्हातारीनं गोळी परत डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

आठ वाजले. लांब जायचं होतं. महादेव उठला, चपला घातल्या, गाडीची किल्ली खिशातून काढली. आणि किल्ली हातात आली की नऊ वर्षं तोंडातून जो शब्द निघत होता, तोच निघाला.

"येतो."

मयताच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. लहान पोरालाही ठाऊक असतं. महादेवलाही होतं. पण शब्द गेला तो गेला. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. आनंद जमिनीकडं बघत राहिला.

आणि आतल्या रिकाम्या खोलीतून आवाज आला.

"थांब की रं. मीबी आलो."

महादेवनं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. कुणीच काही ऐकलं नव्हतं. फक्त जयाबाई त्याच्याकडं बघत होती. आईच ती. तिनं ऐकलं असेल, नसेलही. ती एवढंच म्हणाली, "जा बाबा. आता मागं बघू नको."

त्यानं गाडी काढली. गाव संपेपर्यंत त्याला काही वाटलं नाही. उसाच्या फडातला रस्ता, समोरून ट्रॉल्या ओढत येणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर मोठ्यानं लावलेली गाणी. मनाचे खेळ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चार दिवस झोप नाही, कानात असं होणारच.

मग गाडी खड्ड्यातून गेली आणि मागचा टायर मडगार्डला घासला.

एकट्यानं बसल्यावर तो कधी घासत नसे. दोघं असले तरच.

त्यानं दोन्ही आरसे बाहेरच्या बाजूला वळवून टाकले.

निपाणीत हायवेला लागायच्या आधी तो पेट्रोल पंपावर थांबला. तिथं उजेड होता, माणसं होती. पाईप हातात घेतलेला पोरगा त्याच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "हिंदिनवरू इळीरी."

मागच्यांनी उतरा.

महादेवला कन्नड चांगलं येत होतं. तरी तो तसाच बसून राहिला. पोराला वाटलं, कळलं नाही. तो मराठीत म्हणाला, "दोघंबी उतरा की हो आण्णा. रूल हाय."

महादेव उतरला. गाडीचा मागचा भाग वर आला.

मग... आणखी एकदा वर आला.

पोरगा टाकीकडं बघत होता. महादेवनं खाली पाहिलं. मागची दोन्ही फूटरेस्ट उघडी होती. त्यानं ती पायानं बंद केली. पैसे दिले, उरलेले परत घ्यायलाही थांबला नाही. किक मारली आणि पंपातून सुसाट बाहेर पडला. पोरगा मागून ओरडला, "ओ, तुमचं पाव्हणं!"

गाडी हलकी होती. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. वाऱ्यासारखी पळत होती. महादेवच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुटलो, असं त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, त्याला रस्त्यात टाकून आलो. अनोळखी पंपावर, एकट्याला.

असं वाटायला नको होतं.

तवंदीचा घाट लागला. गाडी चौथ्यावरून तिसऱ्यावर आली. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. इंजिन रडायला लागलं. महादेवनं टाच मागं नेली आणि अंधारात चाचपली.

फूटरेस्ट उघडं होतं.

टाच लागली ती नुसत्या लोखंडाला नाही. त्यावर काहीतरी होतं. मऊ. रबरी.

त्यानं टाच पुढं घेतली.

संकेश्वराजवळ एका धाब्याच्या दिव्याखाली त्यानं गाडी चालू ठेवूनच रूपालीला फोन लावला.

"बाहेर पाण्याची बादली ठेव. आणि ऐक. मी आल्यावर दारात कोण काय बोललं, तरी तोंड उघडायचं न्हाय."

"कोण बोलणार? कोण हाय संगं?"

"विचारू नगं."

"अहो, प्यालासा काय?"

"रूपाली, तुला निवूची शपथ हाय. कुणी काय म्हणू दे, उत्तर द्यायचं न्हाय. निवू कुठं हाय?"

"झोपली कवाच."

"मग बरं."

फोन ठेवल्यावर त्याला थोडा धीर आला. नागेंद्र उतरताना येतो म्हणणार. ये म्हणायला कोणी नसलं, तर तो परत येणार नाही. बोलावल्याशिवाय तो कधी कुणाच्या घरी गेला नव्हता. तसा माणूसच नव्हता तो. भिडस्त होता.

हत्तरगीचा टोलनाका गेला. पुढं रस्ता मोकळा. चांद वर आला होता. रस्त्यावर गाडीची सावली पडत होती. महादेवनं सावलीकडं पाहिलं नाही. म्हातारीनं मागं बघू नको म्हटलं होतं, बोलू नको म्हटलं नव्हतं. तो समोर बघूनच बोलला.

"नाग्या."

...

"नाग्या, उतर रं बाबा. माझी चूक झाली. तोंडातनं गेलं."

...

"माझं लेकरू ल्हान हाय रं."

वाऱ्याचा आवाज. इंजिनाचा आवाज.

मग त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, हळूच काहीतरी टेकलं.

कपाळ.

महादेवला ते ओझं ठाऊक होतं. झोप लागलेल्या माणसाचं ओझं. वळणावर डावीकडं कलायचं, मग सरळ व्हायचं. त्याला ओरडता आलं नाही. शिवी देता आली नाही. त्यानं गाडी हळू केली. नऊ वर्षं करत होता तशीच, आपोआप.

बेळगाव आलं आणि गेलं. उद्यमबाग गेली. सव्वाअकराला तो पिरनवाडीत शिरला. स्वतःच्या घरावरून तो थांबला नाही. दोन गल्ल्या पुढं गेला, नागेंद्रच्या खोलीसमोर. दाराला कुलूप होतं. त्यानं इंजिन बंद केलं आणि वाट बघितली.

"आली तुझी खोली. उतर."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. पाठीवरचं ओझं हललं नाही.

कसं हलेल? नागेंद्र नऊ वर्षांत इथं गाडीवरून कधी उतरलाच नव्हता. तो महादेवच्या दारात उतरायचा आणि इथवर चालत यायचा.

महादेवनं गाडी वळवली. दुसरं काय करणार होता? रात्रभर बेळगावात फिरला असता, तरी पेट्रोल संपलं असतं.

दार अर्धं उघडं होतं. बाहेर बादली ठेवलेली. रूपाली चौकटीत उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून. म्हणजे तिला काहीतरी कळलं होतं. महादेवनं फाटकापाशी गाडी थांबवली. पाय टेकले.

पाठीवरचं कपाळ उचललं गेलं.

गाडीचा मागचा भाग वर आला. तो अजून सीटवर होता.

स्लिपरांचा आवाज. फट्... फट्... दोन पावलं. फाटकापर्यंत.

"येतो वैनी."

रूपालीनं ऐकलं. तिचे डोळे मोठे झाले. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. महादेवनं दात आवळले. दोघं एकमेकांकडं बघत राहिली.

कुणी काही बोललं नाही.

एक मिनिट गेलं. स्लिपरा वाजल्या. एक पाऊल. वळल्यासारखं. गल्लीच्या बाजूला. जात होता. तो जात होता...

खिडकीच्या गजांना धरून निवेदिता उभी होती. केस विस्कटलेले. गाडीच्या आवाजानं जागी झालेली.

"उद्या ये काका!"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रूपाली धावली, पोरीला उचललं, तोंड दाबलं. उपयोग काय? पोरगी रडायला लागली. रडत विचारत राहिली, "काका गावासनं आला न्हवं? मग गोळी?"

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर महादेवनं गाडीला किक मारली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पार्किंगमधून निघाला आणि गाडी बसली. मागच्या बाजूनं. घर येईपर्यंत तो रडत होता.

निवेदिता फाटकात उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं नाही. त्याच्या खांद्यावरून मागं, थोडं वर पाहिलं आणि हसली. हात पसरला. मग मूठ मिटली आणि आत पळाली.

ती मूठ उघडून बघायचं महादेवला धाडस झालं नाही.

शनिवारी तो भावकू आण्णांकडं गेला. तेव्हा आण्णा अजून मेंटेनन्सला होते. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "आण्णा, मागची फूटरेस्ट कापून टाका. पाय ठेवायला जागाच नको." आण्णांनी गॅसकटर लावला. दोन्ही बाजूची, मुळापासून.

आण्णा सांगायचे थांबले. शेकोटी खाली बसली होती.

"मग?" साईराजनं विचारलं.

"मग काय. रविवार गेला. सोमवारी सकाळी महादेव माझ्यापाशी आला. हाताला धरून पार्किंगला नेलं आणि बोट दाखवलं."

"पर आण्णा, घर बदलायचं की," ओमकार म्हणाला.

"बदललं. मच्छ्याला गेला. पोरगी तिथंबी संध्याकाळी फाटकात."

"गाडी विकायची."

"दोनदा विकायला काढली. गिऱ्हाईक चक्कर मारून येतंय आणि म्हणतंय, शॉकअब्सॉर्बर गेल्यात. परत देतंय."

"देवाला..."

"सगळं केलं, बाबा. देव तरी काय करंल? बोलावलंय. घरच्या माणसानं, खुशीनं." आण्णांनी आतल्या अंधाराकडं पाहिलं. भट्टीचा लाल उजेड भिंतीवर होता. "त्यो कुणाला काय करत न्हाय. संगं जातोय, संगं येतोय. पोरीला सांगायला गेलं की ती म्हणती, मग रोज येतोय त्यो कोण? काय सांगणार तिला?"

साईराज उठला. "बोट कशाकडं दाखवलं म्हणालासा?"

"बघायचं असंल तर जा. अकरा वाजता आलाय त्यो. दोन तास गाडी हुबी हाय."

साईराज आणि ओमकार पत्र्याच्या शेडमध्ये गेले. महादेवची गाडी कोपऱ्यात, भिंतीला लागून होती. ओमकारनं मोबाईलची बॅटरी लावली. मागची फूटरेस्ट खरंच नव्हती. दोन्ही बाजूला कापलेल्या लोखंडाचे काळे खुंट. उजेड खाली गेला. सायलेन्सरवर.

साईराजनं हात लावून पाहिला. सायलेन्सर थंडगार होता.

वरच्या बाजूला, पाय टेकेल अशा जागी, निळं रबर वितळून चिकटलेलं होतं. टाचेएवढं.

त्यानं त्यावर बोट ठेवलं.

अजून मऊ होतं.